राहिलेली गोळी

(यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेलं भाषण)



समितीने मला आरोग्यावर बोलायला सांगितलं तेव्हा सगळ्यात जास्त हसली ती माझी बायको. मी डॉक्टर नाही. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, पोटापाण्यासाठी आयटी कन्सल्टंट. माझ्याकडे येणारे पेशंट म्हणजे मध्यरात्री बंद पडणारे डेटाबेस. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते एका मुलाने स्वतःची चूक झाल्यावर डॉक्टरांना आणि फार्मसिस्टला विचारून विचारून शिकलेलं आहे, एवढं समजून ऐका. तुमच्या औषधांबद्दल शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

माझे वडील ७१ वर्षांचे. चार वर्षांपूर्वी पुण्यात त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन स्टेंट बसवले. मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी आले. येताना लोणचं, भाजणी, मेतकूट आणि एक अख्खी पिशवी गोळ्यांची. सकाळी अ‍ॅस्पिरिन, ब्लडप्रेशरची गोळी आणि मेटोप्रोलॉल. रात्री पुन्हा मेटोप्रोलॉल आणि कोलेस्टेरॉलची गोळी.

मी काय केलं असेल? आल्या दिवशीच एक्सेल शीट. गोळीचं नाव, वेळ, बरोबरची खूण. फोनवर अलार्म. फ्रिजवर प्रिंटआऊट. आणि पहिल्या आठवड्यात जेट लॅगमुळे बाबा सकाळी झोपून राहिले, गोळी चुकली, तेव्हा मी त्यांना अक्षरशः झापलं. "बाबा, एवढी साधी गोष्ट लक्षात राहत नाही तुम्हाला?" ते काही बोलले नाहीत. आईने माझ्याकडे नुसतं बघितलं.

पुढच्या रविवारी आम्ही ब्रिजवॉटरच्या बालाजी मंदिरात गेलो. गडबडीत सकाळच्या गोळ्या घरीच राहिल्या. दर्शन, प्रसाद, मित्राकडे चहा, परत यायला संध्याकाळचे सात. रात्री साडेआठला बाबांनी गोळ्या घेतल्या. मी शीटवर दोन्ही रकान्यांत खुणा पाहिल्या आणि खूश झालो.

साडेदहाच्या सुमारास आईची हाक आली. बाबा बाथरूममध्ये खाली बसले होते. चेहरा पांढराफटक, घामाघूम. घरातल्या मशीनवर प्रेशर ९० वर ५५ आणि नाडी ४६. तेव्हा कुठे ते हळूच म्हणाले, "अरे, सकाळच्या राहिल्या होत्या. त्या आणि रात्रीच्या अशा सगळ्या एकदमच घेतल्या."

आम्ही ९११ ला फोन केला. इमर्जन्सीत रात्रभर मॉनिटर लावून ठेवलं, सकाळी नाडी जागेवर आली, घरी सोडलं. बिलाचा विषय आज नको, सणाचे दिवस आहेत. पण गाडीत मी विचारलं, "बाबा, सकाळी राहिल्या तर मला सांगायचं ना!" बाबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पुन्हा चिडला असतास."

मंडळी, गोळी बाबांची राहिली, पण हॉस्पिटलपर्यंत त्यांना माझ्या एक्सेल शीटने नेलं.

आता मुद्द्याचं. गोळी राहिली तर काय करायचं?

बहुतेक गोळ्यांसाठी नियम सोपा आहे. लवकर लक्षात आलं तर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या आणि पुढची नेहमीच्या वेळेला घ्या. डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय भरपाई म्हणून दोन एकदम घेऊ नका. आपल्याकडे 'बाकी चुकती करायची' सवय असते, पण औषधाच्या वहीत बाकी पुढे ओढायची नसते. आमच्या धंद्यातही सकाळचा राहिलेला जॉब रात्रीच्या जॉबच्या डोक्यावर चालवला की सर्व्हर बसतो. बाबांचं तेच झालं.

कारण असं. गोळी पोटात गेली की रक्तातलं तिचं प्रमाण चढतं आणि मग ठरावीक वेळाने निम्मं, त्याच्या निम्मं असं उतरत जातं. मेटोप्रोलॉलच्या साध्या गोळीला निम्मं व्हायला साधारण ३ ते ७ तास लागतात, म्हणून ती दिवसातून दोनदा. दोन गोळ्या एकदम घेतल्या की नाडी आणि प्रेशर दोन्ही खाली येतात.

पण प्रत्येक औषधाचा स्वभाव वेगळा.

मेटोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर. या जातीचं प्रोप्रानोलॉल जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात शोधलं, १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. एक गोळी राहिली तर वरचाच नियम. पण हे औषध मनाने अचानक बंद करू नका. हृदयविकार असलेल्यांमध्ये छातीतलं दुखणं उलटून वाढू शकतं, हार्ट अ‍ॅटॅकही येऊ शकतो. बंद करायचं तर डॉक्टर हळूहळू कमी करतात.

अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल रक्तातल्या प्लेटलेट्सना गुठळी करू देत नाहीत. एक प्लेटलेट ७ ते १० दिवस जगते आणि शरीर रोज नव्या तयार करतं. त्यामुळे एक गोळी राहिली म्हणून आभाळ कोसळत नाही. पण लागोपाठ काही दिवस राहिल्या तर संरक्षण संपतं. स्टेंट नवा असेल तर त्यात गुठळी होण्याचा धोका फार मोठा. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. दात काढायचाय म्हणून परस्पर गोळी बंद करणारेही आपल्यात आहेत, तेही चूकच. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा असते. तिच्यात राहिलेली सोडायची आणि पुढची वेळेवर घ्यायची.

वॉर्फरिन घेणाऱ्यांनी त्याच दिवशी आठवलं तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवलं तर सोडावी, तारीख लिहून ठेवावी आणि रक्ताची आयएनआर तपासणी करणाऱ्यांना सांगावी. नाहीतर आकडा कमी दिसतो आणि डॉक्टर विनाकारण डोस वाढवतात. इथे लपवाछपवी सगळ्यात महाग पडते.

डिगॉक्सिनमध्ये उपयोगी डोस आणि विषारी डोस यांतलं अंतर फार थोडं. हे औषध फॉक्सग्लोव्ह जातीच्या झाडापासून येतं. त्या झाडाच्या औषधी उपयोगावर विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरने १७८५ मध्ये पुस्तक लिहिलं आणि जास्त डोसाचा धोका तेव्हाच सांगून ठेवला. म्हणून इथे दुप्पट डोस म्हणजे आगीशी खेळ.

लघवीची गोळी सकाळी राहिली आणि दुपार टळून गेल्यावर आठवली, तर बहुधा दुसऱ्या दिवशीच घ्यायला सांगतात. नाहीतर रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या, आणि अंधारात पडण्याची भीती. कोलेस्टेरॉलच्या गोळीचं काम महिन्यांचं, वर्षांचं. एक राहिली तर सोडा, पुढची वेळेवर घ्या.

चुकून दोन घेतल्या गेल्या तर? अमेरिकेत १-८००-२२२-१२२२ हा पॉयझन कंट्रोलचा नंबर आहे. फुकट, दिवसरात्र. वय, गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम आणि किती वाजता घेतली हे सांगायचं. पण चक्कर, बेशुद्धी, छातीत दुखणं, दम लागणं यांतलं काहीही असेल तर थेट ९११. आणि साधी शंका असेल तर कोपऱ्यावरच्या फार्मसीत फोन करा. फार्मसिस्टला प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत, हे मला इथे बारा वर्षं राहून माहीत नव्हतं.

भारतातून आई-वडील येणार असतील तर चार गोष्टी. गोळ्या केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. यादीत कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहा, कारण तिकडची ब्रँडची नावं इथल्या फार्मसिस्टला कळत नाहीत. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा की प्रवासात गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या. न्यू जर्सी भारतापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे. आणि वारांचे कप्पे असलेली डबी घ्या. कप्पा भरलेला दिसला की गोळी राहिली, रिकामा दिसला की घेतली. "घेतली की नाही?" हा वाद संपतो.

माझी शीट अजून फ्रिजवर आहे, पण मी तिच्यात एक रकाना वाढवला: 'राहिली'. पहिले दोन आठवडे तो कोराच होता. मग एके दिवशी ऑफिसात बाबांचा फोन आला. "अरे, सकाळची आत्ता आठवली, अकरा वाजलेत. घेऊ ना?" मी मीटिंगमध्ये होतो. म्हटलं, "घ्या बाबा. आणि बरं झालं सांगितलंत." संध्याकाळी त्या रकान्यात त्यांच्या अक्षरात खूण होती. इतकी सुंदर खूण मी कुठल्याच शीटमध्ये पाहिलेली नाही.

आई-बाबा आता परत पुण्यात आहेत. तुमच्यापैकी बहुतेकांसारखाच मीही रोज फोनवर विचारायचो, "गोळ्या घेतल्या ना?" या प्रश्नाला 'हो' सोडून दुसरं उत्तरच देता येत नाही. हल्ली विचारतो, "बाबा, या आठवड्यात एखादी राहिली का?" आणि ते सांगतात.

आज घरी गेल्यावर फोन कराल, तेव्हा असं विचारून बघा. आणि उत्तर 'हो' आलं, तर कृपा करून चिडू नका.

गणपती बाप्पा मोरया!