बोलणे आणि समजणे : मेंदूची दोन कामे
(केंद्रसंमेलनातील भाषण)



मेंदूची आकृती आपण फळ्यावर पुष्कळदा काढतो. मोठा मेंदू विचार करतो, लहान मेंदू शरीराचा तोल सांभाळतो व हालचालींत मेळ राखतो, आणि तळाशी असलेली लंबमज्जा श्वसन व हृदयाचे ठोके यांचे नियमन करते, एवढे सांगून धडा संपवितो. हे सांगणे बरोबरच आहे. परंतु ‘विचार करतो’ या दोन शब्दांत किती निरनिराळी कामे सामावली आहेत, तिकडे आज आपले लक्ष वेधावयाचे आहे.

सन १८६१ मध्ये पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यवैद्यांकडे एक रुग्ण आला. कित्येक वर्षे त्याच्या तोंडून ‘तान’ याखेरीज फारसे काही उमटत नसे. मात्र विचारलेले बहुतेक सर्व त्यास समजे. संख्या तो बोटांनी दाखवी. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूस कपाळामागील भागात विकृती आढळली. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या जर्मन वैद्यांनी याच्या उलट प्रकार वर्णिला. ते रुग्ण अस्खलित बोलत, पण त्या बोलण्यास अर्थ नसे, आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमगत नसे. त्यांच्यात बिघाड होता तो डाव्या कानाजवळील भागात.

ही कामे एकेका ठिकाणी कोंडलेली नसून अनेक भागांच्या सहकार्याने चालतात, असे आता कळून आले आहे. तथापि बोलणे व समजणे ही एकच शक्ती नव्हे, हा बोध कायम आहे.

मी नवखा शिक्षक असताना दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. वाचावयास उभा केला की तो मान खाली घाली. मी त्यास ‘ठोंब’ म्हणून मागे बसवीत असे. एके दिवशी मी वर्गास सांगितले, “पाटीवर विहीर काढा, तिच्या डावीकडे झाड, आणि झाडाखाली दोन शेळ्या.” घडाघडा कविता म्हणणाऱ्या कित्येकांची चित्रे चुकली. त्या मुलाच्या पाटीवर सर्व काही जागच्या जागी होते. ठोंब कोण, हे मला त्या दिवशी कळले.

त्याच्या मेंदूस इजा झाली होती, असे नव्हे. मुलाच्या मौनामागे भीती असते, संकोच असतो, घरची निराळी बोली असते. कधी त्यास कमी ऐकू येत असते, तेव्हा वैद्यकीय तपासणीच करवून घ्यावी. म्हणून केवळ तोंडी उत्तरावरून निर्णय देऊ नका. बोट दाखवून, चित्र काढून, वस्तू मांडून उत्तर देण्याची संधी द्या. आणि जो घडाघडा म्हणतो, त्यास अर्थही विचारा.

आपल्या वर्गात मागे बसलेल्या एका मुलापासून उद्याच आरंभ करावा, एवढीच माझी विनंती आहे.