घरच्या बागेंतील पाइपची तंबाखू

एप्रिल १९४७ मध्यें ब्रिटनचे अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनीं पार्लमेंटपुढें अंदाजपत्रक मांडलें, तेव्हां त्या देशांतील पाइप ओढणाऱ्या वृद्ध मंडळींच्या तोंडचें पाणी पळालें. तंबाखूवरील जकात दर पौंडास ३५ शिलिंग ६ पेन्सांवरून एकदम ५४ शिलिंग १० पेन्सांवर नेण्यांत आली. कारण उघड होतें. तंबाखू यावयाची बहुतांशीं अमेरिकेंतून, तिची किंमत द्यावी लागे डॉलरांत, आणि महायुद्धानें खंक झालेल्या ब्रिटनजवळ डॉलर होते ते उसनवारीचे. लोकांनीं धूर कमी काढावा व डॉलर वांचवावेत, हा सरकारचा हेतु. परंतु तुटपुंज्या पेन्शनवर दिवस काढणाऱ्या म्हाताऱ्यांनीं काय करावें? त्यांची ओरड एवढी झाली कीं, त्याच वर्षीं त्यांच्यासाठीं सवलतीच्या कुपनांची तजवीज करावी लागली. ती सवलत पुढें १९५८ पर्यंत चालू होती.

कित्येकांनीं मात्र दुसरी वाट धरली. युद्धकाळांत इंग्रज गृहस्थ परसांतल्या हिरवळीवर कुदळ चालवून बटाटे व कोबी काढण्यास शिकलाच होता. बटाट्याच्या शेजारीं दोन ओळी तंबाखूच्या लावल्या तर काय बिघडलें, असा विचार त्याच्या मनांत आला. स्वतःच्या ओढण्यापुरती, विक्रीसाठीं नव्हे, अशी लागवड करण्यास मुभा होती. शिवाय तंबाखू व बटाटा हीं एकाच कुळांतलीं. वांगें, टोमॅटो आणि मिरची हीं त्यांचींच भावंडें. जो टोमॅटो पिकवितो त्याला तंबाखू कां पिकवितां येऊं नये?

या प्रश्नाला इंग्लंडांत जुना इतिहास आहे. इंग्लंडच्या थंड हवेंत तंबाखू येणार नाहीं, ही समजूत खरी नव्हे. ग्लॉस्टरशायरमधील विंचकोम या गांवीं १६१९ सालीं तिची लागवड सुरू झाली आणि ती चांगली फोफावली. परंतु व्हर्जिनिया वसाहतीचें सारें जीवन तंबाखूवर अवलंबून होतें, व तेथून येणाऱ्या मालावर राजाला जकात मिळत होती. घरच्या मळ्यांतल्या पिकापासून त्याला कांहींच मिळत नव्हतें. म्हणून बंदी आली. १६६० सालीं तिच्यावर कायद्याचें शिक्कामोर्तब झालें. तरीहि विंचकोमचे शेतकरी ऐकेनात. उभीं पिकें तुडविण्यासाठीं घोडेस्वार पाठविल्याचा उल्लेख सॅम्युएल पेप्स यांच्या १६६७ सालच्या रोजनिशींत आढळतो. ही बंदी उठावयास १९१० साल उजाडावें लागलें.

आपल्या दख्खनचाहि या कथेंत थोडा भाग आहे. पोर्तुगीजांबरोबर आलेली तंबाखू १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग यानें विजापुरास पाहिली आणि रत्नजडित नळीसह ती बादशहास नजर केली. हकिमांच्या विरोधास न जुमानतां बादशहानें दोन-चार झुरके घेतल्याचें त्यानें लिहून ठेवलें आहे. योगायोग असा कीं, १६०४ सालींच इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें तंबाखूची निंदा करणारें पुस्तक छापलें. निंदा झाली, बंदी झाली, परंतु व्यसन हटलें नाहीं. मग राज्यकर्त्यांनीं त्यावर कर बसविला. हिंदुस्थानांतहि १९४३ सालीं तंबाखूवर अबकारी कर आलाच.

आतां प्रत्यक्ष लागवडीकडे वळावें. तंबाखूचें बीं इतकें बारीक असतें कीं, एका ग्रॅमांत सुमारें दहा-बारा हजार दाणे भरतात. चिमूटभर बियांत एका घराला पुरून उरतील एवढीं रोपें होतात. हें बीं मातींत पुरूं नये. त्याला उगवण्यास उजेड लागतो, म्हणून चाळलेल्या ओलसर मातीवर तें नुसतें भुरभुरावें व हलक्या हातानें दाबावें. इंग्लंडांत मार्च महिन्यांत कांचेखालीं बीं टाकतात आणि हिंवाची भीति सरल्यावर, मेअखेर किंवा जूनच्या आरंभीं, रोपें बागेंत लावतात. दोन रोपांत दोन फूट व दोन ओळींत तीन फूट अंतर ठेवावें. पुढें पान हातभर लांब होतें, तेव्हां या अंतराचें महत्त्व कळतें.

कळी दिसूं लागली कीं शेंडा खुडावा. फूल नाजूक व गुलाबी असतें. तें खुडण्यास मन घेत नाहीं. परंतु तें ठेवलें तर झाडाची शक्ति बियांत जाते, आणि पानें पातळ राहतात. शेंडा खुडल्यावर पानांच्या बगलांतून फुटवे येतात. तेहि दर आठवड्यास काढावे लागतात. ऑगस्टपासून खालचीं पानें पिकूं लागतात. पिकलेल्या पानावर पिवळसर डाग पडतात, त्याचा पृष्ठभाग खडबडीत होतो, कडा खालीं वळतात आणि देंठ वांकविला तर कट्‌कन मोडतो. अशीं दोन-तीन पानें खालून वर, दर आठवड्यास काढीत जावें.

येथवर सर्व सोपें असतें. बहुतेक हौशी मंडळींची निराशा होते ती यापुढें. घाईचा माणूस पानें चुलीजवळ टांगतो आणि तीन दिवसांत कडकडीत वाळवितो. पान हिरवें राहतें, चुरडलें तर गवताचा वास येतो, आणि पाइपमध्यें भरून पेटविलें तर ओलें गवत जळाल्यासारखा धूर घशास झोंबतो. मग तो म्हणतो कीं बियाणें वाईट, किंवा इंग्लंडची हवाच वाईट. वास्तविक दोष त्याच्या घाईचा असतो.

इंग्रजींत ज्याला क्युअरिंग म्हणतात, त्याला आपला वाळविणें हा शब्द पुरा पडत नाहीं. मुरविणें हा शब्द अधिक जवळचा. कैरीच्या फोडी नुसत्या वाळविल्या तर त्यांचें लोणचें होत नाहीं. लोणचें मुरावें लागतें. तंबाखूचेंहि तसेंच आहे. झाडावरून काढलेलें पान लगेच मरत नाहीं. तें श्वास घेत राहतें. मुळांकडून अन्न येणें बंद झालेलें असतें, म्हणून तें आपल्या पोटांत सांठविलेल्या पिठूळ द्रव्यावर जगूं लागतें. त्या पिठाची साखर होते, प्रथिनें विघटित होतात, आणि हिरवा रंग नाहींसा होऊन त्याखालीं झांकलेला पिवळा रंग वर येतो. पुढें हवेशीं संयोग होऊन पिवळ्याचा तपकिरी होतो. हें सर्व घडण्यास पान कांहीं दिवस जिवंत राहावयास हवें, आणि जिवंत राहण्यास त्याच्यांत ओलावा हवा. म्हणजे पान उपाशीं राहून, परंतु सावकाश मेलें पाहिजे. एकदम वाळलें कीं आंतील कार्य थांबतें आणि हिरवा रंग कायमचा कोंडला जातो. उलट ओल फार झाली तर बुरशी धरते. या दोन संकटांमधून पान सुखरूप बाहेर काढणें, हीच सारी कला.

घरीं हें साधण्यास साधी पडवी किंवा लांकडी छपरी पुरते. पानांच्या देंठांतून दोरा ओंवून माळा कराव्या आणि पानें एकमेकांस चिकटणार नाहींत अशा टांगाव्या. पहिले आठ-दहा दिवस, पानें पिवळीं होईपर्यंत, खिडक्या बऱ्याचशा लावून ठेवाव्या. हवा फार कोरडी वाटली तर जमिनीवर पाणी शिंपडावें. पिवळा रंग आल्यावर खिडक्या उघडून वारा खेळूं द्यावा. चार ते आठ आठवड्यांनीं पान तपकिरी होतें. मधली शीर सर्वांत शेवटीं वाळते. ती वांकविल्यावर मोडली, तरच काम पुरें झालें असें समजावें. शीर ओली असतांना पानें रचून ठेवणाराला पुढें बुरशीचा ढीगच मिळतो. बर्ली जातीची तंबाखू अशीच सावलींत, वाऱ्यावर तयार होते. निपाणीकडील बिडीची तंबाखू उन्हांत वाळवितात, आणि व्हर्जिनिया जातीची भट्टीच्या उष्णतेनें.

या भट्टीच्या पद्धतीमागें एक गोष्ट सांगतात. १८३९ सालीं अमेरिकेंतील उत्तर कॅरोलायना राज्यांत, कॅसवेल परगण्यांत, अबायशा स्लेड याच्या मळ्यावर स्टीफन नांवाचा एक गुलाम रात्रीं पानांच्या कोठारांतील विस्तव राखीत होता. त्याला झोंप लागली. जाग आली तों विस्तव विझत आलेला. घाबरून त्यानें लोहारकामाचा कोळसा त्यावर ओतला. उष्णता एकदम वाढली, आणि सकाळीं पाहतात तों पान सोन्यासारखें पिवळें झालेलें. त्या मालाला उत्तम भाव आला. धनी श्रीमंत झाला, शोध लावणारा गुलामच राहिला. शास्त्र असें कीं, पान पिवळें झाल्यावर योग्य क्षणीं उष्णता मिळाली तर त्यांतली साखर पान खाऊन संपविण्यापूर्वींच टिकून राहते. म्हणून व्हर्जिनिया गोडसर लागते, आणि आपली साखर संपवून बसलेली बर्ली फिकी लागते. पाइपसाठीं दोहोंचें मिश्रण करतात तें याचकरितां.

तपकिरी झालेलें पानहि लगेच ओढण्याजोगें नसतें. त्याचा कडवटपणा जाण्यास त्याला आणखी मुरावें लागतें. दमट दिवशीं पान चिवट होतें, तेव्हां चुरा न होतां तें हाताळतां येतें. अशा वेळीं मधली शीर काढून पानें एकावर एक रचून दाबून ठेवावीं आणि वर्ष-दोन वर्षें विसरून जावीं, हा जुना मार्ग. ज्याला धीर नाहीं, तो लांकडी पेटींत सुमारें ५० अंश सेंटिग्रेडची दमट ऊब महिनाभर ठेवतो. आरंभीं पेटींतून अमोनियाचा उग्र दर्प येतो. तो ओसरल्यावर मंद गोड वास येऊं लागतो. गलबतावरील खलाशी पानांवर रम शिंपडून तीं कापडांत गुंडाळीत आणि वरून दोरीनें आंवळून घट्ट कांडी करीत. कांहीं महिन्यांनीं ती कांडी चाकूनें कापून पाइपमध्यें भरीत. ही युक्ति घरच्या बागाइतदारांनींहि उचलली.

आतां हिशेब पाहावा. ताज्या पानांत शेंकडा ऐंशीं ते नव्वद भाग पाणी असतें. दहा पौंड हिरवीं पानें टांगलीं तर हातीं एक-दोन पौंडच लागतात. मार्चमध्यें टाकलेल्या बियाची तंबाखू पाइपमध्यें येण्यास दीड-दोन वर्षें जातात. जकात चुकविण्यासाठीं बागेंत उतरलेला गृहस्थ दुसरी एक जकात भरतो. ती पैशांत मोजीत नाहींत, दिवसांत मोजतात.

आणि तिसरी जकात तर कोणाच्याच बागेंत चुकत नाहीं. घरची तंबाखू म्हणजे निर्भेळ, आणि निर्भेळ म्हणजे निरुपद्रवी, असा समज पुष्कळांचा असतो. दूध-तुपाच्या बाबतींत घरचें तें चांगलें हें खरें. येथें तो न्याय लागू पडत नाहीं. निकोटिन हें विष कारखान्यांत घातलें जात नाहीं. तें झाडाच्या मुळांत तयार होऊन पानांत चढतें, आणि शेंडा खुडल्यानें तर तें वाढतें. दंवानें ओलीं झालेलीं पानें उघड्या हातांनीं काढणाऱ्याला कातडीवाटें तें भिनून मळमळ, वांत्या व घेरी येते. म्हणून पानें कोरडीं असतांना, हातमोजे घालून काढावीं आणि मुलांस त्यांपासून दूर ठेवावें. धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध डॉल व हिल या ब्रिटिश संशोधकांनीं १९५० सालीं दाखवून दिला. पाइप ओढणाऱ्यास तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका असतोच. एवढेंच नव्हे, तर ज्या मुरविण्यानें पानाला चव येते, त्याच मुरविण्यांत सूक्ष्म जंतूंच्या क्रियेनें नायट्रोसामीन नांवाचीं कर्करोगजनक द्रव्येंहि तयार होतात. सुवास आणि विष हीं एकाच छपरींत, एकाच माळेवर जन्म घेतात.

कायद्याचाहि विसर पडूं नये. भारतांत १९७५ च्या टोबॅको बोर्ड कायद्यान्वयें नोंदणीवांचून व्हर्जिनिया तंबाखू लावतां येत नाहीं. ऑस्ट्रेलियांत तर परवान्याशिवाय तंबाखूचें एक झाडहि लावणें गुन्हा आहे. विंचकोमचे घोडेस्वार गेले, परंतु पानावरील सरकारची नजर अद्याप हटलेली नाहीं.

मग त्या इंग्रज म्हाताऱ्यांनीं परसांत केलेला खटाटोप व्यर्थ गेला काय? पाइपपुरता विचार केला तर त्यांनीं एका जकातीऐवजीं दुसरी भरली, आणि तिसरी मुळींच चुकविली नाहीं. पण दुकानांतून पुडी आणणाऱ्याला जें कधींच कळत नाहीं, तें त्यांना कळलें. चिमूटभर चुऱ्यामागें किती दिवस जातात, पान कसें पिवळें होतें, तें केव्हां बिघडतें, आणि त्यांतलें विष कोठून येतें, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. ज्यानें वर्ष-दीड वर्ष खपून एक डबी भरली, तो ती सहजासहजीं रिकामी करीत नाहीं. प्रत्येक चिमटीला त्याचा हात क्षणभर थांबतो. डाल्टनसाहेबांना जकात वाढवून लोकांच्या हातून जें करवून घ्यावयाचें होतें, तें बागेंतल्या या दोन ओळी न बोलतां करवून घेत होत्या. आणि त्या थांबलेल्या हातानें एखादे दिवशीं डबी तशीच मिटून ठेवली, तर त्या बागेनें दिलेलें सर्वांत मोलाचें पीक तेंच म्हणावें लागेल.