हाडांची मापे आणि बालकांची वाढ
(विंचूर येथे शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर केलेले भाषण)



अंगणवाडीत बालकाची उंची व वजन नोंदविण्याचे काम आपल्या परिचयाचे आहे. तेच काम संशोधक तीन हजार वर्षांपूर्वीच्या बालकांबाबत करतात. फरक इतकाच की, त्यांच्यापुढे बालक नसते. केवळ हाडे असतात.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. संगमनेर तालुक्यातील जोर्वे या गावावरून जिला नाव मिळाले, त्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीची ही वसाहत. तेथे दोनशेहून अधिक दफने आढळली. त्यांत बालकांची संख्या मोठी होती. पुष्कळांना मातीच्या कुंभांत ठेवून घराच्या जमिनीखाली पुरले होते.

अशा बालकाचे वय दातांवरून ठरते. मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची समजते, तर त्याच्या जाडीवरून व गुडघ्याकडील टोकाच्या रुंदीवरून वजनाचा अंदाज येतो. आकारमान आणि घडण या दोन वेगळ्या गोष्टी होत. शरीर सर्व बाजूंनी दुप्पट वाढले, तर वजन आठपट होते. हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र चौपटच वाढते. म्हणून मोठ्या प्राण्याचे हाड प्रमाणाबाहेर जाड असावे लागते, हे गॅलिलिओने १६३८ मध्येच दाखवून दिले होते.

तथापि, लांब हाड बहुधा जाडही असते. लांबी व जाडी यांना दोन स्वतंत्र साक्षीदार मानले, तर एकच साक्ष दोनदा मोजली जाते. परस्परसंबद्ध मापांचा असा हिशेब कसा करावा, याची रीत प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३६ मध्ये मांडली. माणसांची शारीरिक मापे तपासतानाच ती त्यांना सुचली होती. आज ती जगभर वापरली जाते.

नेवासे, दायमाबाद व इनामगाव येथील बालकांच्या अस्थींचा अभ्यास ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ च्या आपल्या ग्रंथात मांडला आहे. इनामगावच्या उत्तर जोर्वे काळात, म्हणजे इ. स. पूर्व १००० ते ७०० च्या सुमारास, बालकांची वाढ खुंटल्याच्या खुणा आधीच्या काळापेक्षा अधिक आढळतात.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पुरलेली बालके म्हणजे गावातील सर्व बालके नव्हेत. जी दगावली तीच आपल्यापुढे येतात. जी जगली, वाढली, त्यांचे बालपण या आकड्यांत नाही.

आपल्या नोंदवहीत नेमकी उलट उणीव राहू शकते. जे बालक अंगणवाडीत येते, त्याचीच नोंद होते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातील, मळ्यातील वस्तीवरील वा आजारी बालक सरासरीत धरलेच जात नाही. सरासरी मात्र समाधानकारक दिसते. म्हणून माझी विनंती एवढीच की, वयाच्या मानाने वजन पाहून थांबू नये. वयाच्या मानाने उंची आणि उंचीच्या मानाने वजन हेही पाहावे. आणि नोंद न झालेल्या बालकांची यादी प्रथम करावी. इनामगावच्या बालकांची मापे घेण्यास तीन हजार वर्षांचा उशीर झाला. आपल्या बालकांच्या बाबतीत एका महिन्याचाही होऊ नये.