गव्हाचे आजोळ

कणकेला ताण देणारा चिकटपणा येतो तो गव्हातल्या प्रथिनांमुळे. रोपाने बाळासाठी दाण्यात बांधून दिलेली ही शिदोरी. जमीन, पाऊस बदलला की पान लहानमोठे होईल. पण या प्रथिनांची घडण ठरते ती जनुकांनी. म्हणून नाती शोधायला ती कामाची. दाणा दळायचा, अर्क जेलीसारख्या थरावर ठेवून वीज सोडायची. प्रथिने कमीअधिक अंतर सरकतात, रंग दिला की पट्टे उमटतात. पट्टे जुळले तर नाते जवळचे.

आता आपला खपली गहू घ्या. त्याची गुणसूत्रे २८. दोन रानजातींची प्रत्येकी १४. त्या जाती कोणत्या? बी. एल. जॉन्सन यांनी १९७५ मध्ये पट्ट्यांवरून उरार्तु या रानगव्हाला ‘बी’ संचाचा, म्हणजे आईकडचा पूर्वज ठरवले. गुणसूत्रांच्या जोड्या तपासल्यावर मात्र त्याच्यात निघाला ‘ए’ संच. आजोळचा म्हणून ओळख करून दिलेला पाहुणा चक्क वडिलांकडचा! पट्ट्यांनी नाते खरेच दाखवले होते. बाजू सांगणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते.

आईकडच्या बाजूला सर्वांत जवळचे आहे एजिलॉप्स स्पेल्टॉइडिस हे गवत. हुबेहूब ‘बी’ संच असलेली रानजात मात्र अजून सापडलेली नाही.