माळावर पडणारे खत



अन्नदेखील फाजील झाले की अंगावर उठते. हॉलंडमध्ये जमिनीचे तसेच झाले आहे. तेथे गाईडुकरांच्या शेणमुतातून अमोनिया उठतो, वाऱ्याबरोबर जातो आणि रानामाळावर उतरतो. निकस मातीत थोडक्यावर जगणारी हेदरची जांभळी झुडपे या आयत्या खतावर माजलेल्या गवताखाली दडपतात. माती आंबते, तिच्यातला चुना निघून जातो. चुना नाही म्हणून गोगलगायी घटतात. आणि गोगलगायी खायला नाहीत म्हणून टिट नावाच्या इवल्या पक्ष्याच्या अंड्यांची कवचे पातळ होतात. तेथल्या संशोधकांनी हे १९९४ साली दाखवून दिले.

पुढे सुधारणा होईल या भरवशावर आधीच परवाने वाटण्याची सरकारी योजना तेथील राज्यपरिषदेने २९ मे २०१९ रोजी रद्द ठरवली. ऑक्टोबरात शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगवर धडकले.

मी कामगार चळवळीतला माणूस. माझे मन आधी मोर्चाकडे धावते. शेतकरी विचारतात, ‘गोठे वाढवा म्हणणारे सरकार, कर्ज देणारी बँक, चारा विकणारा व्यापारी नामानिराळे, आणि भुर्दंड आम्हालाच का?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याने अमोनिया खोटा ठरत नाही. गोगलगाय मोर्चा काढीत नाही, म्हणून तिचा हक्क बुडवावा काय?

तेव्हा मागणी सरळ आहे: गुरे कमी करा, पण त्याचा खर्च एकट्या गोठेवाल्याच्या माथी मारू नका. ज्यांनी नफा वाटून घेतला, त्यांनी तोही वाटून घ्यावा.