पाणी कोणाचं, हिशेब कोणाचा?

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांच्या आठवणी इतरांनी सांगितल्याच आहेत. मी पडलो बँकेतला माणूस. थोडं हिशेबाचं बोलतो, विषय पाण्याचा.

लोणावळ्यात वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तरी मे महिन्यात आपल्या फाटकात टँकर उभा असतो आणि तो सांगेल तो भाव आपण देतो. म्हणजे पाण्याचं खासगीकरण ही काही दूरदेशीची गोष्ट नाही. आपल्याकडे ते जुनंच आहे. वळवण, लोणावळा, शिरोता ही धरणं टाटांची. १९१५ पासून त्यांच्या पाण्यावर घाटाखाली खोपोलीला वीज तयार होते. पाऊस मावळात, वीज मुंबईला!

मग सरकारी ते सगळं चांगलं का? तसंही नाही. पवना धरणातून बंद जलवाहिनीने पाणी नेण्याची योजना पिंपरी-चिंचवड महापालिकेची होती, कंपनीची नव्हे. तिच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ शेतकऱ्यांनी द्रुतगती मार्ग अडवला. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला.

बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात कंपनीने पाण्याचे दर एकदम वाढवले, लोक रस्त्यावर आले आणि २००० साली करारच रद्द झाला. नागपुरात २०१२ पासून पाणीपुरवठा खासगी कंपनी चालवते, पण मालकी महापालिकेचीच आहे.

माझं म्हणणं एवढंच: पैसे द्यायला ना नाही. पण पाणी कोणीही देवो. दर कसा ठरला, गळती किती, आधी कुणाला मिळणार, हे विचारण्याचा हक्क आपल्याकडेच राहिला पाहिजे.

आणि असा हिशेब मागायचा तर आधी घरचा हिशेब चोख हवा. आपल्याकडे निम्मे फ्लॅट शनिवार-रविवारीच उघडतात. पाण्याचा आकार मात्र नळ मोजून लावतो, पाणी मोजून नाही. काही वर्षांपूर्वी मीटरचा ठराव आला, तेव्हा ‘खर्च कशाला?’ म्हणून मीच तो पाडला. खरं कारण आज सांगतो. मी बारा महिने इथे राहतो. मीटर बसला असता तर बिल माझंच वाढलं असतं.

येत्या वार्षिक सभेत तोच ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन कोण देणार, ते जेवताना सांगा.