अडीच महिने आणि दोन स्क्रू

आदरणीय गुरुजनहो आणि १९९७ च्या बॅचच्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायला सांगितलं होतं. त्यावर तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर रोज वाचताच. मी आमच्या घरात दोनदा मोडलेल्या कमरेच्या हाडाविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करते. भावाच्या सर्जननी कागदावर चित्रं काढून जे समजावलं, तेवढंच सांगते.

पहिल्यांदा मोडलं ते बाबांचं. आपलं दहावीचं वर्ष. केळीचा ट्रॅक्टर उलटला आणि बाबा खाली सापडले. अडीच महिने दवाखान्यात उताणे. पायाच्या हाडातून आरपार सळई, तिला दोरी, दोरीला विटा. पाठीला जखमा झाल्या. गणिताचे सर त्या पलंगाशेजारी बसून माझ्याकडून प्रमेयं करून घ्यायचे. सर, तुम्ही आज समोर बसला आहात, म्हणून हे मुद्दाम सांगते. बाबा उठले, पण एक पाय आखूड झाला तो कायमचा.

दुसऱ्यांदा भावाचं, तीन वर्षांपूर्वी. आपल्या नशिराबादहून भुसावळकडे जाताना, वाघूरच्या पुलाच्या अलीकडे ट्रकनं मोटरसायकल उडवली. चौघंजण हातपाय धरून त्याला उचलायला निघाले होते, तेवढ्यात १०८ आली. त्यातल्या डॉक्टरांनी सगळ्यांना थांबवलं आणि एका घडी केलेल्या चादरीनं त्याला घट्ट आवळलं. कमरेला नव्हे, त्याच्याखाली, मांडीची हाडं बाजूला लागतात तिथं. कमरेचं हाड म्हणजे बांगडीच. फुटली की बहुधा दोन जागी फुटते आणि उघडते. आत रक्त साचायला जागा होते. बाहेर थेंबही दिसत नाही आणि माणूस जातो. चादरीनं बांगडी मिटते.

जळगावच्या दवाखान्यात सिटी स्कॅन पाहून सर्जन म्हणाले, मागचा सांधा निखळलाय, पण फार सरकलेला नाही. मोठी चीर न देता दोन स्क्रू टाकू. मी विचारलं, उघडल्याशिवाय दिसणार कसं? त्यांनी सी-आर्म दाखवला. हे एक्स-रेचं यंत्र टेबलाभोवती फिरतं. एकदा तिरकं लावून बांगडीच्या आत डोकावायचं, एकदा उलट बाजूला कलवून समोरून बघायचं, शेवटी अगदी आडवं. इंजिनिअरिंग ड्रॉइंगमधले प्लॅन आणि एलिव्हेशनच की! सपाट चित्रं पाहून मनात घनवस्तू उभी करायची. त्या विषयात मी कशीबशी पास झाले होते. इथं चूक झाली तर किंमत वेगळी असते. माकडहाडाच्या वरच्या त्या त्रिकास्थीत स्क्रूला जायची वाट चिंचोळी. पुढून पाचव्या मणक्याची नस जाते; तिला धक्का लागला तर पाऊल लुळं पडू शकतं. मागं-खाली पुढच्या नसेचं भोक. काहींच्या हाडाची ठेवणच अशी, की वरच्या मणक्यात ती वाट मिळतच नाही. म्हणून आधी बारीक तार घालतात, तिन्ही बाजूंनी तपासतात, आणि मग त्या तारेवरून पोकळ स्क्रू ओवतात, सुमारे ७ मिलिमीटर जाडीचा. बाहेरची चीर बोटाच्या पेराहून लहान.

नेटवर वाचताना एक गोष्ट मला लागली. सिअ‍ॅटलचे डॉ. चिप राउट रुग्णाला उताणं ठेवून असे स्क्रू टाकत होते ते १९९० च्याच दशकात. म्हणजे बाबा विटा लटकावून पडले होते तेव्हा ही वाट सापडलेली होती. आपल्यापर्यंत यायची होती.

हे सगळ्यांना चालत नाही. हाड फार सरकलं असेल तर आधी जागेवर आणावं लागतं, त्यासाठी कधी उघडावंच लागतं. आणि तीन-चार आठवडे घरी चोळत बसलात तर ते जागचं हलत नाही. हाडवैद्याकडे आधी जाऊन आलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या घरात आहेत.

भाऊ दुसऱ्या दिवशी उठून बसला. तिसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभा राहिला. दुखऱ्या पायावर भार मात्र तीन महिने द्यायचा नव्हता. बाबा काठी टेकत बघायला आले. एक्स-रे खिडकीकडे धरून त्यांनी ते दोन स्क्रू बराच वेळ न्याहाळले.

"बस, येवढंच?" म्हणाले. "अन् मी अडीच महिने इटा लटकावून पडेल व्हतो!"

मग भावाची चादर नीट करून तिथंच बसले, संध्याकाळची बस चुकेपर्यंत.